पहिली पंगत आणि हरवलेला रफार

या महिन्याच्या टपालात एकच तक्रार चार तोंडांनी आली आहे: "आम्ही काहीच केलं नव्हतं हो, आपोआप अपडेट झालं आणि..." पुढची कहाणी प्रत्येकाची वेगळी. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवली. फोर्टमधल्या एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात, संगणक विभागात मी एकतीस वर्षं काढली. अपडेटवरचा माझा राग जुना आहे आणि भरवसाही तेवढाच जुना आहे, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न: नमस्कार मॅडम. गिरगावात आमचं छोटं डीटीपीचं दुकान आहे, मी आणि माझे मिस्टर मिळून चालवतो. लग्नपत्रिका, पूजेची निमंत्रणं, मंडळांचे अहवाल अशी कामं असतात. आमच्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं अपडेट मंगळवारी रात्री आपोआप बसलं. सोमवारी मंडळाच्या सेक्रेटरींनी प्रूफ वाचून सही केली होती. बुधवारी फाइल उघडली आणि प्रिंटला सोडली. तीनशे प्रती बांधून गेल्यावर फोन आला, सगळ्या अहवालातला रफार गायब! 'कार्यकर्ते'चं 'कायकते', 'वर्गणी'ची 'वगणी'. अध्यक्षांच्या मनोगताची सुरुवातच 'सव कायकते आणि वगणीदार' अशी छापली गेली आहे. पैसे गेले ते गेलेच, वर गल्लीत हसं झालं. भाचा म्हणतो, मावशी, सगळ्या मशीनवरची सगळी अपडेट कायमची बंद करून टाक. करू का? – एक डीटीपीवाली, गिरगाव

उत्तर: ताई, आधी हसले, मग वाईट वाटलं, मग पुन्हा हसले. रागावू नका. 'कायकते' हा शब्द आमच्या घरात आता रुळला आहे. सकाळी आमच्या ह्यांनी चहाचा कप जागेवर ठेवला नाही की मी "काय कायकते?" म्हणून विचारते.

रफार गेला कुठे ते सांगते. जुन्या मराठी फॉन्टांत अक्षरं मराठी 'दिसतात', पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं नाहीतर चिन्हंच असतात. फॉन्ट त्या जागी मराठी आकार दाखवतो, इतकंच. रफार हा असाच एक सुटा आकार, कुठल्यातरी चिन्हाच्या खोलीत पागडीवर राहणारा. नव्या आवृत्तीत कंपनीने खोल्यांची अदलाबदल केलेली दिसते. रफार दुसरीकडे राहायला गेला आणि तुमची जुनी फाइल जुन्याच दाराची कडी वाजवत राहिली. आतून उत्तर नाही, म्हणून कागदावर कोरी जागा. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, टाइप केलेल्या मजकुराचं असं होत नाही, कारण तिथे 'र'ची नोंद 'र' म्हणूनच असते, आकार कसा दाखवायचा ते मागाहून ठरतं. पण पंधरा-वीस वर्षांच्या पत्रिकांचे साचे जुन्या फॉन्टात पडून असताना "युनिकोड वापरा" असा शहाणपणा शिकवणं मला जमायचं नाही.

तुमच्या पत्रातली खरी गोम मला दुसरीकडेच दिसते. सेक्रेटरींनी सही केली ती सोमवारच्या पानांवर, आणि छापली गेली ती बुधवारी पुन्हा उघडलेली फाइल. म्हणजे मंजूर झालेला अहवाल आणि छापलेला अहवाल एक नव्हताच! मधे अपडेट आलं नसतं तर मांजराने कीबोर्डवर पाय दिला असता. यापुढे प्रूफ द्यायचं ते पीडीएफचं, फॉन्ट आत बसवलेल्या पीडीएफचं. सही झाली की तीच पीडीएफ छापायची, मूळ फाइलला हात लावायचा नाही. मग रात्रीत फॉन्टने घर बदललं तरी पीडीएफमधला रफार जागचा हलत नाही.

आता भाच्याचा सल्ला. नाही, ताई. त्याने मावशीच्या काळजीपोटी सांगितलं, पण घरात एकदा चिमणी शिरली म्हणून कोणी खिडक्या विटांनी बुजवून टाकत नाही. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने दीडशेहून जास्त देशांतले संगणक कुलूपबंद केले. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तो ज्या भोकातून आत शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. जवळजवळ दोन महिने आधी! ज्यांनी ते घेतलं नव्हतं ते अडकले. तुमच्या दुकानात दिवसभर पाहुण्यांचे पेनड्राइव्ह खुपसले जातात, हे विसरू नका.

मग घ्यायचं तरी केव्हा? पहिल्या पंगतीला बसू नका, हे माझं जुनं सांगणं. आमटीत मीठ जास्त पडलंय ते पहिल्या पंगतीला कळतं आणि दुसरीला सुधारलेली आमटी मिळते. पण हट्टाने शेवटच्या पंगतीपर्यंत बसून राहिलात तर पातेली विसळायला गेलेली असतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची सहामाही मोठी आवृत्ती आली आणि काही लोकांच्या 'डॉक्युमेंट्स'मधल्या फाइलीच पुसल्या गेल्या. चार दिवसांत मायक्रोसॉफ्टने वाटप थांबवलं आणि नोव्हेंबरच्या मध्यावर दुरुस्त आवृत्ती दिली. मार्च २०२१ मध्ये अपडेट घेतल्यावर काही प्रिंटरना प्रिंट दिली की संगणकच निळा पडायचा, म्हणजे निळा पडदा दाखवून बंद पडायचा (तुमच्या धंद्यात हे किती महाग पडलं असतं, विचार करा), त्याची दुरुस्ती आठवडाभरात आली. दोन्ही वेळा जे थोडे दिवस थांबले त्यांचं काही बिघडलं नाही.

विंडोजची मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. अमेरिकेत सकाळ असते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा. म्हणजे तुम्हाला ती बुधवारी सकाळी भेटतात, नेमकी दुकान उघडताना. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर 'पॉज' आहे, तिथे एक आठवडा निवडा. पाच आठवड्यांपर्यंत सोय आहे पण एक पुरे. तिथेच 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' आहेत, त्यात दुकानाची वेळ घाला म्हणजे गिऱ्हाईक समोर असताना मशीन स्वतःहून बंद-चालू होणार नाही. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं आपोआप अपडेट मात्र बेलाशक बंद करा. त्याने चोर आत यायची भीती कमी आणि रफार बाहेर जायची जास्त. नवी आवृत्ती घ्यायचीच झाली तर हातात मोठं काम नसताना घ्या आणि जुन्या आवृत्तीची मूळ फाइल आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवा. घेतल्यावर एका कोऱ्या पानावर 'कार्यकर्ते, वर्गणी, सर्व, कृष्ण, ज्ञानेश्वर, वऱ्हाडी' एवढं टाइप करून बघा. सगळे मेंबर हजर आहेत का ते कळेल.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की दुसरं मशीन विंडोज ७ वर आहे. त्याला जानेवारी २०२० पासून अपडेट येतच नाहीत. त्याची इंटरनेटची वायर काढून टाका. जुन्या फाइली उघडायला ते झकास आहे, पण त्यावर मेल उघडू नका, आणि पेनड्राइव्ह आधी नव्या मशीनवर तपासल्याशिवाय त्याला लावू नका.

प्रश्न: मी भांडुपला राहतो, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगचा डिप्लोमा करतोय. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने जगभरचे कॉम्प्युटर बंद पडले. आम्हाला पहिल्या वर्षापासून 'टेस्टिंग, टेस्टिंग' करून पिडतात. मग एवढ्या मोठ्या कंपनीने टेस्ट कसं नाही केलं? – एक विद्यार्थी

उत्तर: केलं होतं रे बाबा, तेच तर लक्षात घेण्यासारखं आहे.

क्राउडस्ट्राइकचा पहारेकरी प्रोग्राम विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतो. नव्या हल्ल्यांची लक्षणं त्याला दिवसातून अनेकदा छोट्या फाइलींमधून कळवली जातात. एका नव्या प्रकारच्या तपासणीसाठी त्यांनी २१ रकान्यांचा तक्ता आखला, पण पहारेकऱ्याच्या हातात येत होते २० च रकाने. मार्चमध्ये चाचणी झाली, एप्रिलमध्ये तीन फाइली गेल्या, कुठे काही बिघडलं नाही. कारण त्या सगळ्यांत एकविसाव्या रकान्यापुढे 'काहीही चालेल' असं होतं, त्यामुळे तिकडे कोणी डोकावलंच नाही. १९ जुलैच्या फाइलीने पहिल्यांदा सांगितलं, एकविसावा वाच. नसलेला रकाना वाचायला पहारेकरी मेमरीच्या कुंपणाबाहेर गेला आणि गाभ्यातला माणूस पडला म्हणून अख्खं मशीन पडलं. फाइल तपासणारा एक प्रोग्रामही होता. चूक त्याच्यातही होती, त्याने ती पास केली.

आपल्याकडे शुक्रवार होता. सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी फाइल निघाली, १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली. त्या ७८ मिनिटांत जे संगणक चालू आणि जोडलेले होते ते निळे पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख, आणि तरीही जगातल्या विंडोज संगणकांच्या एक टक्क्याहून कमी. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले, त्यांचे फोटो तू पाहिले असशीलच. रिझर्व्ह बँकेने संध्याकाळी सांगितलं की दहा बँका-वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला. माझ्या जुन्या सहकाऱ्यांचे फोन त्याआधीच येऊन गेले होते, "मॅडम, आपण वाचलो."

यात एक गोष्ट मला फार लागली. त्यांच्या कित्येक गिऱ्हाइकांनी मुद्दाम 'आम्हाला एक आवृत्ती मागे ठेवा' असं निवडलेलं होतं. म्हणजे शहाणे लोक, दुसऱ्या पंगतीतले! पण ती निवड मूळ प्रोग्रामला लागू होती, या छोट्या फाइलींना नाही. त्या सगळ्यांच्या ताटात एकदमच वाढल्या गेल्या. पुढे कंपनीने या फाइलीही टप्प्याटप्प्याने सोडायचं आणि गिऱ्हाइकाला त्यावर ताबा द्यायचं ठरवलं.

मी हे एवढ्या तावातावाने लिहिते आहे त्याला कारण आहे. २००७ च्या आसपासची गोष्ट. आमच्या तेवीस शाखांना अँटीव्हायरसची, विषाणू ओळखायची रोजची यादी मुख्य कार्यालयातून जायची. कंपनीचं नाव घेत नाही, कारण अर्धी चूक माझी होती. 'कोणाला पाठवायचं' या चौकटीत 'सर्व शाखा' आणि 'केव्हा' या चौकटीत 'तात्काळ' या खुणा मी स्वतः केल्या होत्या, आणि मनात म्हणाले होते, काम कसं एका झटक्यात! एका महिन्याच्या एक तारखेला त्या यादीने आमच्या पासबुक छापायच्या प्रोग्रामची एक फाइल विषाणू ठरवून उचलली आणि कोठडीत टाकली. तेवीसच्या तेवीस शाखांत. लालबागच्या मॅनेजरांचा फोन आला, "मॅडम, पासबुकाचा आयकॉनच पांढरा झालाय, आणि रांग दाराबाहेर गेलीये." एक तारीख, त्यात लालबाग, म्हणजे रांगेत निवृत्त गिरणी कामगार. मी सीडी पर्समध्ये घालून लोकल पकडली, करी रोडला उतरले आणि पुलावरून जवळजवळ पळतच गेले.

आत गेले तर काउंटरवर क्लार्क निळ्या पेनाने पासबुकात नोंदी लिहीत होता, शाखेचा शिक्का मारत होता आणि शेजारच्या वहीत तेच पुन्हा उतरवत होता. प्रिंटरवर टॉवेल घातलेला. बाकावरचे एक आजोबा मला म्हणाले, "बाई, घाई करू नका. हे अक्षर तरी वाचता येतं." छापील नोंदीची रिबन तेव्हा पार फिकी झालेली असायची, त्यामुळे त्यांचं खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी नियम बदलला. यादी आधी मुलुंडच्या एका छोट्या शाखेत जायची. तिथले मॅनेजर शांत स्वभावाचे, ओरडायचे नाहीत. चार तास तिथे पासबुक छापलं जातंय, चेक वटतोय, दिवसअखेर जुळतेय हे पाहून मग बाकीच्या बावीस. संचालकांपैकी एकांनी विचारलं, "मग मुलुंडच्या खातेदारांनी काय पाप केलंय?" प्रश्न बरोबर होता. माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं, फक्त मुलुंडला हाताने नोंदी लिहायची एक जास्तीची वही पाठवून दिली.

म्हणून तुझ्या सरांना विचारायचा प्रश्न 'टेस्ट केलं का' एवढाच नाही. 'टेस्ट पास होऊनही चूक निघाली तर एका दमात किती जण पडतील आणि त्यांना उभं कसं करणार' हाही विचार. १९ जुलैला फाइल मागे घेऊनही पडलेली यंत्रं आपणहून उठली नाहीत. माणसाने एकेका मशीनपाशी जायचं, ते सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोजचा गरजेपुरताच भाग चालू करून, उघडायचं, नावात २९१ आकडा असलेली फाइल शोधून पुसायची. त्यात डिस्कला बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजचंच, कुलूप असेल तर ४८ आकडी किल्ली टाइप करायची. काही ठिकाणी त्या किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर ठेवलेली, तोही निळाच! घरचा लॅपटॉप नवा असेल तर त्याच्यावरही हे कुलूप तुझ्या नकळत लागलेलं असू शकतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात किल्ली सापडते. आजच बघ, ४८ आकडे कागदावर उतर आणि तो कागद आईला रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायला दे. आमच्याकडे तो तिथेच आहे.

प्रश्न: सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षक आहे. फोनचं अपडेट घेतलं की फोन संथ होतो. कंपन्या हे मुद्दाम करतात, असं आमच्या कट्ट्यावर सगळ्यांचं मत आहे. – एक वाचक, दहिसर

उत्तर: सर, कट्टा अगदीच चुकलेला नाही. जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून आपण अपडेटमधून त्यांचा वेग कमी करतो, हे अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं. राग संथपणाइतकाच न सांगितल्याचा होता. पुढे अमेरिकेतल्या दाव्यात कंपनीने ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. पण प्रत्येक वेळी असंच असतं असं नाही. मोठ्या अपडेटनंतर दोन-तीन दिवस फोन आतल्या आत आवराआवर करत असतो, तेव्हा तो गरमही होतो. तेवढे दिवस जाऊ द्या. तरीही संथच राहिला तर साठवणीची जागा किती उरली आहे ते बघा. नातवंडांचे व्हिडिओ आणि सुप्रभातचे फोटो मिळून जागा भरलेली असेल, तर बिचाऱ्या अपडेटला दोष देऊ नका.

प्रश्न: मला व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला की तुमच्या बँकेचं अ‍ॅप आज रात्री बंद होणार, हे अपडेट लगेच बसवा. खाली फाइल होती. बँकेचं चिन्ह पण होतं. मुलगा रात्रपाळीला, विचारायला घरात कोणी नाही. मी दाबलं नाही, पण आता भीती वाटते की माझं अ‍ॅप बंद झालं तर? – एक आजी, परळ

उत्तर: आजी, तुम्ही दाबलं नाहीत तिथेच काम झालं. अ‍ॅप बंद होणार नाही. बँक कधीही व्हॉट्सअ‍ॅपवरून अपडेटची फाइल पाठवत नाही. अपडेट प्ले स्टोअरमधूनच येतं, आणि ते उघडून बँकेचं नाव शोधलंत की 'अपडेट' असं लिहिलेलं दिसतं तरी, नाहीतर नुसतं 'ओपन'. 'ओपन' असेल तर तुमचं अ‍ॅप ठणठणीत आहे. अशा फाइलीच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही तीन अक्षरं असतात. तीच फाइल कधी लग्नपत्रिका होऊन येते, कधी वाहतुकीच्या दंडाची पावती होऊन. बसवली की ती तुमचे मेसेज वाचते, म्हणजे ओटीपी तिच्या हातात.

चुकून दाबलंच असतं तर काय, तेही लिहून ठेवा: आधी फोनचं इंटरनेट बंद, मग दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर कळवायचं. वेळ कितीही झालेली असो, मुलगा घरी यायची वाट बघत बसायचं नाही.

तो निरोप आता पुसून टाका आणि नंबर ब्लॉक करा. आणि आजी, "बघ गं, हे काय आलंय" म्हणून ती फाइल सुनेलाही पुढे पाठवू नका.